पियानोवादक शोपें व त्याची सहज विद्या

संगीत शिकूं लागलेल्या मुलाला पहिली अडचण वाटते ती सुरांची नव्हे, तर आपल्याच बोटांची. पेटीपुढें बसलेल्या कोणत्याहि नवशिक्या विद्यार्थ्याकडे पाहावें. त्याचे खांदे वर चढलेले असतात, मनगट ताठलेलें असतें, आणि अंगठा व करंगळी ह्यांची ओढाताण चाललेली असते. हींच बोटें पाटीवर अक्षरें काढतांना, गोट्या खेळतांना किंवा भाकरीचा तुकडा मोडतांना किती सहज वागतात! मग वाद्यापुढें बसतांच तीं परकीं कां व्हावीं? ह्या प्रश्नाचा ज्या थोड्या वादकांनीं मनापासून विचार केला, त्यांत फ्रेडरिक शोपें ह्याचें नांव अग्रभागीं आहे. रचनाकार म्हणून त्याची कीर्ति जगभर पसरलेली आहे. परंतु त्यानें आयुष्याचीं सतरा-अठरा वर्षें शिष्यांना शिकविण्यांत घालविलीं, आणि हाताला त्याच्या स्वभावाविरुद्ध न वागवितां वाद्य कसें शिकवावें ह्याचा एक निराळाच मार्ग दाखविला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्याचें चरित्र ह्याच दृष्टीनें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

पोलंड देशांत वॉर्सा शहराच्या पश्चिमेस झेलाझोव्हा वोला नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें १८१० सालीं शोपेंचा जन्म झाला. बाप्तिस्म्याच्या नोंदींत २२ फेब्रुवारी ही तारीख आहे. घरचीं माणसें मात्र त्याचा वाढदिवस १ मार्च रोजीं साजरा करीत. वडील निकोलस हे मूळचे फ्रान्समधील लोरेन प्रांताचे. तरुणपणीं ते पोलंडांत आले आणि तेथेंच स्थायिक झाले. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच महिन्यांत त्यांना वॉर्सा येथील विद्यालयांत फ्रेंच भाषा शिकविण्याचें काम मिळालें, व सर्व कुटुंब शहरांत राहावयास आलें. आई युस्तिना व थोरली बहीण लुद्विका ह्या दोघीहि पियानो वाजवीत असत. अशा रीतीनें वाद्याचा स्वर ह्या मुलाच्या कानीं अगदीं पाळण्यापासून पडत होता.

सहाव्या वर्षीं त्याला वोइचेख झिव्नी नांवाच्या वृद्ध शिक्षकांच्या हातीं सोंपविण्यांत आलें. हे बोहेमिया प्रांताचे, व मूळचे व्हायोलिनवादक. पियानोवरील हस्तकौशल्याची खास विद्या त्यांजपाशीं नव्हती. परंतु बाख व मोझार्ट ह्या दोन थोर रचनाकारांवर त्यांची अढळ निष्ठा होती. बाखचें नांव फारसें कोणी घेत नव्हतें अशा काळीं त्यांनीं ह्या मुलाला बाखची गोडी लाविली. बोटें कशीं ठेवावीं हें मात्र त्यांनीं जवळजवळ त्याच्यावरच सोंपविलें. १८१७ सालीं, म्हणजे वयाच्या सातव्या वर्षीं, त्याची पोलोनेझ जातीची एक रचना छापून निघाली. आणि पुढल्या वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत त्यानें मोठ्या जनसमुदायापुढें प्रथमच वादन केलें.

त्याचे दुसरे गुरु युझेफ एल्सनर हे रचनाशास्त्राचे अध्यापक होते. १८२६ पासून १८२९ पर्यंत शोपें त्यांच्या हाताखालीं शिकला. हा विद्यार्थी नेहमींच्या नियमांनीं चालत नाहीं अशी कुरकूर त्यांच्या कानीं येई, तेव्हां ते त्याचीच बाजू घेत. ज्याची देणगी असामान्य आहे त्याला असामान्य वाटेनेंच जाऊं द्यावें, असें त्यांचें मत होतें. ह्याप्रमाणें एका गुरूनें कान घडविला आणि दुसऱ्यानें बुद्धि घडविली. हात मात्र कोणींच सांच्यांत घातला नाहीं. शोपेंच्या सर्व पुढील शिक्षणपद्धतीचें मूळ ह्या गोष्टींत आहे.

ह्या गोष्टीचें महत्त्व समजण्यास त्या काळची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. पियानो हें वाद्य इटलींत १७०० सालच्या सुमारास निर्माण झालें. पेटीप्रमाणेंच त्यालाहि पांढऱ्या व काळ्या पट्ट्या असतात. परंतु पट्टी दाबली म्हणजे आंतील एक हातोडी तारेवर आपटते, आणि बोटाच्या दाबाप्रमाणें स्वर मृदु किंवा कणखर निघतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हें वाद्य युरोपांत घरोघर शिरलें आणि तें शिकविणें हा एक मोठा व्यवसाय झाला. पांचहि बोटें सारख्याच बळानें आपटलीं पाहिजेत, आणि हात हालतां कामा नये, असा ह्या शिक्षकांचा कटाक्ष असे. बोटें तर उघड उघड असमान. मग तीं समान करण्यासाठीं यंत्रें निघालीं. १८१४ सालीं लोगियर नांवाच्या एका शिक्षकानें विद्यार्थ्याचें मनगट व बोटें ठराविक जागीं अडकवून ठेवणारी एक चौकट काढली. पुढें कॉल्कब्रेनर ह्या विख्यात वादकांनीं तिच्याऐवजीं पट्ट्यांसमोर बसवावयाचा एक आडवा दांडा पसंत केला. त्यावर हात टेकवून विद्यार्थ्यानें तासन् तास तेंच तें घोकावें. इतकेंच नव्हे, तर तें चालूं असतां कंटाळा येऊं नये म्हणून पुढें कांहीं वाचावयास ठेविलें तरी चालेल, असा त्यांचा उपदेश होता.

ह्या बोटें सुधारण्याच्या वेडाचा परिणाम कधीं कधीं दारुण होई. शोपेंच्याच वर्षीं जन्मलेला जर्मन रचनाकार रॉबर्ट शूमान हा तरुणपणीं मोठा वादक होण्याची आकांक्षा बाळगून होता. उजव्या हाताचें बोट बळकट करण्यासाठीं त्यानेंहि एका यंत्राचा प्रयोग केला. १८३२ च्या सुमारास त्याचा उजवा हात वादनाच्या दृष्टीनें अधू झाला आणि वादक होण्याची आशा त्याला कायमची सोडावी लागली. ह्या दुखण्याच्या कारणांविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तरी ज्या यंत्राकडून बळाची अपेक्षा होती त्यानें त्याला बळ दिलें नाहीं, एवढें खरें.

अशा काळांत, १८३० च्या नोव्हेंबर महिन्याच्या आरंभीं, शोपेंनें स्वदेश सोडला. तो व्हिएन्ना येथें पोंचला नाहीं तोंच वॉर्सा येथें रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाल्याची वार्ता आली. १८३१ च्या सप्टेंबरांत तो उठाव मोडला गेला आणि परतीची वाट बंद झाली. त्याच वर्षाच्या शरदऋतूंत हा एकवीस वर्षांचा तरुण पॅरिस शहरीं आला. जवळ पैसा थोडा, ओळखी त्याहून थोड्या. पॅरिसमध्यें तेव्हां पियानोवादकांची दाटी होती, आणि त्या सर्वांत कॉल्कब्रेनर ह्यांचा मान पहिला होता.

शोपें त्यांस भेटावयास गेला व त्यांच्यापुढें वाजविलें. त्यांचें वादन ऐकून तो स्वतः इतका भारला गेला होता कीं, घरीं धाडलेल्या पत्रांत त्यानें त्यांची मनसोक्त स्तुति केली आहे. कॉल्कब्रेनर ह्यांनाहि ह्या मुलाचे गुण दिसले. परंतु ह्याला नीट शाळा मिळालेली नाहीं, वृत्ति लागली तर हा उत्तम वाजवितो, न लागली तर नाहीं, असा त्यांनीं अभिप्राय दिला. आणि तीन वर्षें आपल्या हाताखालीं शिकावें असें सुचविलें. परक्या शहरांतील निर्धन तरुणाला हें आमंत्रण म्हणजे केवढा मोह! त्यांचा शिष्य म्हणवून घेतलें असतें तर सर्व दरवाजे उघडले असते. नकार दिला तर एका बलाढ्य माणसाचा रोष ओढवण्याची भीति होती. शोपेंनें वडिलांस व एल्सनर ह्यांस विचारलें. बहीण लुद्विका हिनें एल्सनर ह्यांचें म्हणणें त्याला लिहून कळविलें. दुसऱ्याचें अनुकरण करण्यांत तीन वर्षें घालविणें ह्या मुलाला घातक होईल, असें त्या वृद्ध गुरूंस वाटत होतें.

शोपेंनें नम्रपणें नकार दिला. आपल्यांत कांहीं न्यून नाहीं असें त्यास मुळींच वाटत नव्हतें. पण जो हात आपोआप गाऊं लागला आहे तो मोडून नव्यानें बांधावयाचा नाहीं, एवढें त्याला कळत होतें. विशेष हें कीं, त्यानें वैर धरलें नाहीं. १८३२ च्या फेब्रुवारी महिन्यांत पॅरिसमध्यें त्याचा पहिला जलसा झाला, तेव्हां कॉल्कब्रेनर ह्यांनीं त्यांत स्वतः भाग घेतला. आणि पुढें शोपेंनें आपली एक मोठी रचना त्यांनाच अर्पण केली. मोठ्या माणसाचें सांगणें नाकारूनहि त्याचा मान राखतां येतो, ह्याचें हें सुंदर उदाहरण आहे.

लवकरच शोपें हा पॅरिसमधील अत्यंत मागणी असलेला शिक्षक झाला. एका धड्यास वीस फ्रँक ही त्याची फी त्या काळीं थोडी नव्हती. शिष्य मोठ्या पियानोवर बसे व तो स्वतः शेजारच्या लहान पियानोवर साथ करी. त्याच्याकडे शंभराहून अधिक शिष्य येऊन गेले. त्यांत सरदारघराण्यांतील स्त्रिया पुष्कळ होत्या. नवा विद्यार्थी आला म्हणजे शोपेंचें पहिलें काम त्याचा ताठरपणा घालविण्याचें असे. हात हलका ठेवा, सहज वाजवा, हा त्याचा नित्याचा उपदेश होता. शिष्य ताठून आपटूं लागला तर मात्र हा एरव्हीं अत्यंत सभ्य मनुष्य रागानें हातांतील पेन्सिल मोडी, असें सांगतात.

त्याची मुख्य युक्ति हात कोठें ठेवावा ह्यांत होती. इतर शिक्षक पांच बोटें पांच पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवावयास सांगत. शोपेंनें पाहिलें कीं, मधलीं तीन बोटें लांब आहेत, अंगठा व करंगळी आंखूड आहेत. आणि काळ्या पट्ट्या उंच व आंत आहेत, तर पांढऱ्या खालीं व बाहेर आहेत. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर अंगठा पांढरी तीनवर, मधलीं तीन बोटें काळी तीन, काळी चार व काळी पांच ह्यांवर, आणि करंगळी पांढरी सातवर, अशी तो हाताची पहिली बैठक देई. कोणीहि करून पाहावें. हात आपोआप किंचित् कमानदार होतो व कोठेंहि ताण पडत नाहीं. ज्यांनीं पट्ट्यांची ही रचना शोधून काढली त्यांनीं मनुष्याचा हात ओळखूनच ती केली, असें तो कौतुकानें म्हणे. ह्याच कारणानें तो पांढरी सातपासूनचें, पांचहि काळ्या पट्ट्या घेणारें सप्तक आधीं शिकवी. केवळ पांढऱ्या पट्ट्यांचें सप्तक दिसावयास सोपें. पण तेथें बोटांना कसलाच आधार नसतो, म्हणून तें तो शेवटीं घेई.

दुसरी गोष्ट बोटांच्या असमानतेची. अंगठा जाड, करंगळी टोंकाची, मधलें बोट सर्वांचा आधार, आणि अनामिका सर्वांत दुबळी, मधल्या बोटाशीं जणूं जखडलेली. हा भेद मोडून काढण्याचा खटाटोप म्हणजे निसर्गाविरुद्ध झगडा होय, असें त्याचें मत होतें. प्रत्येक बोटाचा स्वर निराळा आहे; मग हा निराळेपणा दोष न मानतां त्याचाच उपयोग कां करूं नये? त्याच्या रचनांत हें जागोजागीं दिसतें. १८३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या व लिस्ट ह्या मित्रास अर्पण केलेल्या बारा अभ्यास-रचनांपैकीं एकींत उजव्या हाताचीं शेवटचीं तीन दुबळीं बोटेंच एकमेकांवरून चढत-उतरत धांवतात. दुसरींत उजवा हात जवळजवळ सर्वकाळ काळ्या पट्ट्यांवरच खेळतो. तसेंच नुसतीं बोटेंच नव्हेत, तर मनगट, हात व बाहु ह्या सर्वांनीं वादनांत भाग घ्यावा, असा त्याचा आग्रह असे. गाणाऱ्यास जसा श्वास, तसें वादकास मनगट, ही त्याची शिकवण होती.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कान. वाजवावयाचें असेल तर गावयास शिका, आणि थोर गवयांचें गाणें ऐका, असें तो शिष्यांस सांगे. वाक्य कोठें तोडावें हें ज्यास कळत नाहीं त्याचें वादन, परक्या भाषेंतील भाषण अर्थ न समजतां पाठ म्हणणाऱ्या मुलासारखें असतें, हें तो बजावी. लयीविषयींचा त्याचा उपदेश तर आपल्याकडील रसिकांस सहज पटेल. डावा हात वाद्यवृंदाच्या नायकाप्रमाणें लय सांभाळतो, व उजवा हात गाणाऱ्याच्या मोकळीकीनें किंचित् मागें-पुढें होतो. तबलजीनें ठेका स्थिर ठेवावा व गवयानें बोल लयीशीं खेळवीत समेवर यावें, तसाच हा प्रकार आहे.

येथें एक शंका येईल. कॉल्कब्रेनर ह्यांच्या दांड्यावर तासन् तास घोकून जी संवय होते तीहि आपोआपच चालते. मग दोहोंत भेद काय? भेद आहे तो लक्षाचा. पुढें पुस्तक ठेवून घोकणाऱ्याचीं बोटें चालतात, पण मन तेथें नसतें. त्या बोटांनीं चुका पाठ केल्या तरी कळत नाहीं. शोपेंच्या मार्गानें जाणाऱ्याचा कान प्रत्येक स्वरावर असतो, आणि हवा तो स्वर मिळूं लागला म्हणजे हात त्यामागून विनासायास जाऊं लागतो. म्हणूनच दिवसास तीन तासांहून अधिक वादन करूं नये, मध्यें विश्रांति घ्यावी, चांगलें पुस्तक वाचावें, फिरावयास जावें, असें तो शिष्यांस निक्षून सांगे. त्याची स्वतःची रीतहि अशीच होती. जलसा जवळ आला म्हणजे तो आपल्या रचना घोकीत बसत नसे. खोलीचें दार लावून लहानपणींच्या त्या बाखलाच वाजवीत असे.

त्याचें सुख फार काळ टिकलें नाहीं. त्याची धाकटी बहीण १८२७ सालीं क्षयानें गेली होती, व त्याचीहि प्रकृति तशीच नाजूक होती. १८३८-३९ चा हिंवाळा त्यानें मायोर्का बेटावर लेखिका जॉर्ज सांद हिच्या सोबतींत काढला. तेथें दुखणें बळावलें. पुढें अनेक उन्हाळे तो तिच्या नोआं येथील घरीं लेखन करीत राहिला. १८४७ सालीं तो संबंध तुटला. त्याचा अत्यंत आवडता शिष्य कार्ल फिल्च हा १८४५ सालींच पंधराव्या वर्षीं मरण पावला होता. १८४८ सालीं तो इंग्लंड व स्कॉटलंड येथें गेला. जिना चढवत नव्हता, तरी त्या वर्षीं १६ नोव्हेंबर रोजीं लंडन येथील गिल्ड हॉलमध्यें पोलंडच्या निर्वासितांच्या मदतीसाठीं त्यानें वाजविलें. हेंच त्याचें अखेरचें जाहीर वादन.

आपल्या पद्धतीचें एक पुस्तक लिहावें असें त्याच्या मनांत होतें; परंतु कांहीं थोडीं पानें लिहून झालीं आणि तें तसेंच राहिलें. मरणसमयीं त्यानें आपल्या अप्रकाशित रचना जाळून टाकण्याची इच्छा दर्शविली. ह्या पद्धतीचीं पानें मात्र कांहीं उपयोग होईल तर व्हावा म्हणून आल्कां व रेबेर ह्या दोन संगीतज्ञ मित्रांस द्यावयास सांगितलीं. १७ ऑक्टोबर १८४९ रोजीं पॅरिसमध्यें, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. देह तेथेंच पेर लाशेझ ह्या दफनभूमींत ठेविला आहे. हृदय लुद्विकेनें वॉर्सा येथें नेलें, व तें तेथील होली क्रॉस नांवाच्या चर्चमध्यें आहे.

त्याच्या विद्येचें पुढें काय झालें? त्याचा शिष्य मिकुली ह्यानें गुरूच्या रचनांची आवृत्ति काढून तिच्या प्रस्तावनेंत ही शिक्षणरीत वर्णिली. त्या अपुऱ्या पानांचें हस्तलिखित पुढें आल्फ्रेद कोर्तो ह्या फ्रेंच वादकाच्या संग्रहीं आलें, आणि १९९३ सालीं तें साक्षेपानें छापून प्रसिद्ध झालें. ज्या यंत्रांचा त्या काळीं एवढा गाजावाजा होता तीं आतां वस्तुसंग्रहालयांत पडून आहेत. शोपेंची हाताची बैठक मात्र आजहि शिक्षक शिष्यांस दाखवितात.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रांतून आळसाला आधार शोधूं नये. शोपेंचा सहजपणा आयता आलेला नव्हता. त्यामागें बाळपणापासूनचा अभ्यास होता. पण तो अभ्यास डोळे व कान उघडे ठेवून केलेला होता. कविता पाठ करतांना, गणिताची रीत गिरवितांना, किंवा संध्याकाळीं पेटीच्या पट्ट्यांवर बोटें ठेवितांना आपण स्वतःस एवढेंच विचारावें: माझें मन येथें आहे काय, आणि माझा हात मोकळा आहे काय? दोहोंचें उत्तर होय असेल तर थोडा अभ्यासहि फळास येईल. नसेल तर थोडा वेळ उठून फिरून यावें, आणि मग पुन्हा बसावें.